मदत हवी आहे: विलेमाइट या खनिजासाठी अतिनील दिवा कोणता घ्यावा?

मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो. मागच्या महिन्यात लेकीला ऑग्डेन्सबर्गची स्टर्लिंग हिल खाण दाखवायला नेलं. अंधारात अतिनील दिवा लागला आणि भिंत अक्षरशः पेटली! विलेमाइट पोपटी हिरवा, कॅल्साइट हे दुसरं खनिज निखाऱ्यासारखं लाल. दोन्हीकडे करामत मँगनीजची. येताना मुठीएवढा तुकडा विकत घेतला. दिवसा पाहाल तर मळकट, त्यावर काळे ठिपके. बायको म्हणाली, "याला पैसे मोजलेत?"

घरी ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील टॉर्च मारली, तर हिरवा फिका आणि लाल जवळजवळ नाहीच. मित्राचा २५४चा दिवा आणला, तरी नुसता जांभळट उजेड. डोकं खाजवल्यावर कळलं, तुकडा काचेच्या पेटीत होता आणि साधी काच २५४ अडवते. पेटी उघडली नि लख्ख!

आता स्वतःचा २५४चा दिवा घ्यायचाय. घरच्यासाठी किती वॅटचा पुरे? वापरून वापरून दिव्यावरचा (दिसणारा उजेड गाळणारा) फिल्टर मंदावतो म्हणतात, तुमचा अनुभव काय? दिवा पेटीच्या आतच कुणी बसवलाय का? लेक सात वर्षांची आहे, डोळे लावून बघते, म्हणून चष्म्याचंही सांगा.