सेरेंगेटीपेक्षा मारा आणि नैवाशा बघा

तुमच्या बेताप्रमाणे आठ दिवसांत केनियातलं नैरोबी, टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान आणि व्हिक्टोरिया सरोवर बसवायचं म्हणजे निम्मी सुट्टी गाडीतच जाणार. ऑगस्टमध्ये जाताय ना? तेव्हा विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप बहुतेक केनियातल्या मारा नदीच्या आसपास आलेले असतात. मग टांझानियाचा वेगळा व्हिसा कशाला? सरळ त्या नदीकाठचं मसाई मारा अभयारण्य करा.

निवांतपणासाठीही व्हिक्टोरिया नको, नैवाशा. नैरोबीहून जेमतेम ९० किमी, गोड्या पाण्याचं सरोवर. तिथल्या क्रेसेंट आयलंडवर चक्क पायी फिरता येतं. सिंहबिंह नसल्याने जिराफ, झेब्रे आपल्या शेजारी आरामात चरत असतात. अंधार पडला की पाणघोडे चरायला काठावर येतात, अगदी लॉजच्या हिरवळीवरसुद्धा. राखणदार सोबत असल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका, हे लॉजवाले उगाच सांगत नाहीत. शेजारच्या हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात.

नैरोबीला एक दिवस पुरे. शहराला खेटून असलेलं राष्ट्रीय उद्यान पहाटे करा: पुढे गेंडा, मागे उंच इमारती!

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा चिवडा-चकल्या डब्यात भरा.