पहिलं पोस्टर, पहिला प्रश्न: तुमचा अनुभव सांगा

माझ्या बी.एस्सी.च्या पोरी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच परिषदेत पोस्टर घेऊन उभ्या राहणार आहेत. काल लॅब बंद करताना एकीनं विचारलं, "सर, उत्तरच आलं नाही तर?" सांगली-साताऱ्याकडच्या ज्यांनी केमिस्ट्रीचं काम असं मांडलंय, त्यांनी लिहा. सुरुवात मी करतो.

माझा विषय हळद. आमच्या सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं २०१८ साली, माझं काम त्याच्या बरंच आधीचं. पावडर इथेनॉल घेऊन सॉक्सलेटला, म्हणजे अर्क काढायच्या काचेच्या उपकरणाला लावायची, अर्क पातळ करून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे किती प्रकाश शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर, ४२५ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. पोस्टरवर ठळक अक्षरांत 'कर्क्युमिनचे प्रमाण', कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य. एक वयस्कर परीक्षक आलेखावर बोट ठेवून म्हणाले, "हे शोषण एकट्या कर्क्युमिनचं, कशावरून?" घशाला कोरड पडली. "सर, मला माहीत नाही," एवढंच बोललो. त्यांनी माझ्याच वहीत तीन नावं लिहिली: कर्क्युमिन, डिमेथॉक्सीकर्क्युमिन, बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. तिन्ही साधारण त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. वेगवेगळी मोजायची तर एचपीएलसी हवं, मिश्रणातले घटक सुटे करून मोजणारं यंत्र. घरी येऊन शीर्षक बदललं, 'एकूण कर्क्युमिनॉइड', म्हणजे तिन्ही मिळून. ते पान अजून माझ्याकडे आहे.

तासगावहून: माझा बेदाणा. घरचीच बाग, वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा वास लहानपणापासूनचा. एका मॅडमनी इंग्रजीत विचारलं, द्राक्षं बुडवता कशाला, नुसती वाळवली तर? मी दुसऱ्याच वाक्याला अडखळले. त्या म्हणाल्या, "मराठीत सांग." मग थांबलेच नाही. सालीवरचा मेणाचा थर पाणी बाहेर पडू देत नाही. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या पाण्यात घड बुडवले की त्याला वाट मिळते. पप्पा मागे उभं राहून ऐकत होते. येताना एसटीत त्यांनी विचारलं, "मग कार्बोनेट जास्त पडलं तर?" पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट तोच.

साताऱ्याहून: पीपीटीची पीडीएफ करून न्याच. तिथल्या कॉम्प्युटरवर माझ्या फाइलमधले सगळे बाण चौकोन झाले. रिअ‍ॅक्शन फळ्यावर लिहून दाखवली.

मिरजेहून: बोअरच्या पाण्याचा हार्डनेस (जडपणा), ईडीटीए टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब टाकून मोजायचं. तांबडा रंग जाऊन निळा येतो तो एका थेंबावर, आणि मी रीडिंग एकदाच घेतलेलं. विचारल्यावर तसंच सांगितलं. गुण गेले. सर, पोरींना आजच विचारा, प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंगं आहेत का? महिना हातात आहे, बाटल्या परत भरून आणता येतील.