शेक्सपिअरची इतिहासनाटके: आधी चित्र आणि प्रयोग, की आधी संहिता?

रंगवेडा (धागाकर्ता)

शेक्सपिअर म्हटले की आपल्याकडे बोलणे सहसा ‘हॅम्लेट’, ‘ऑथेल्लो’ आणि ‘मॅकबेथ’ यांच्यापुढे सरकत नाही. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मुळे आणि देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे यांतल्या पहिल्या दोन शोकांतिका एकोणिसाव्या शतकातच मराठी झाल्या; इंग्लंडच्या राजांवरची नाटके मात्र परकीच राहिली. १६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील ग्रंथात, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या सहकारी नटांनी अशी दहा नाटके ‘इतिहास’ या गटात छापली आणि ती लिहिल्याच्या क्रमाने न लावता राजांच्या कारकिर्दींच्या क्रमाने लावली. त्यामुळे नवा वाचक इमानेइतबारे ‘किंग जॉन’पासून सुरुवात करतो आणि ‘रिचर्ड दुसरा’पर्यंत पोहोचण्याआधीच पुस्तक मिटून ठेवतो.

माझे म्हणणे असे आहे की या नाटकांत शिरण्याची वाट चित्रांतून आणि प्रयोगांतून जावी. परिचयपर टिपणे, वंशावळी आणि नकाशे त्यानंतर यावेत, आणि संहिता सर्वांत शेवटी हाती घ्यावी.

उदाहरणादाखल विल्यम होगार्थचे १७४५ च्या सुमाराचे चित्र घ्या, जे आज लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनात आहे. डेव्हिड गॅरिक हा नट १७४१ मध्ये, अवघ्या चोविशीत, लंडनच्या रंगभूमीवर तिसरा रिचर्ड म्हणून उभा राहिला आणि एका रात्रीत प्रसिद्ध झाला. होगार्थने रिचर्ड ज्यात मारला गेला त्या बॉसवर्थच्या लढाईआधीची रात्र निवडली आहे: आपण मारलेल्यांची भुते स्वप्नात येऊन गेल्यावर रिचर्ड दचकून उठला आहे, एका हाताची बोटे ताठ पसरली आहेत, दुसरा हात तलवारीवर गेला आहे, डोक्यामागे दिवा आणि क्रूस आहे, आणि तंबूच्या फटीतून दूरवर सैनिकांच्या शेकोट्या दिसत आहेत. सुमारे आठ फूट रुंदीच्या त्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांतले इंग्लंडच्या गादीवरचे भांडण ठाऊक नसले तरी हा राजा संपला आहे, हे कळते. संहितेतल्या त्या स्वगतापर्यंत पोहोचायला मात्र चार अंक ओलांडावे लागतात.

संहितावादी

धागाकर्त्यांनी निवडलेले उदाहरण त्यांच्याच विरोधात जाते, हे नम्रपणे सांगणे भाग आहे. गॅरिक ज्या नाटकात उभा राहिला ते शेक्सपिअरचे ‘रिचर्ड तिसरा’ नव्हतेच. ते कॉली सिबर या नट-नाटककाराने १७०० च्या सुमारास केलेले रूपांतर होते. त्यात सहाव्या हेन्रीची विधवा राणी मार्गारेट नाही, रिचर्डचा भाऊ क्लॅरेन्स नाही, उमराव हेस्टिंग्ज नाही. उलट इतर इतिहासनाटकांतून उचललेल्या ओळी आहेत आणि सिबरच्या पदरच्याही पुष्कळ आहेत. ‘याचे मस्तक उडवा, बकिंगहॅमचा निकाल लागला’ अशा अर्थाची जी ओळ लोक आजही शेक्सपिअरची म्हणून सांगतात, ती सिबरची आहे. हे रूपांतर एकोणिसाव्या शतकातही बराच काळ रंगभूमीवर ठाण मांडून होते. म्हणजे होगार्थच्या चित्रातून शिरणारा नवखा माणूस एका भलत्याच नाटकात शिरतो, आणि हे त्याला सांगणारे त्या चौकटीत काहीही नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. लंडनच्या संसद भवनात हेन्री पेन याचे १९१० चे भित्तिचित्र आहे. टेंपल या लंडनमधल्या वकिलांच्या वसाहतीच्या बागेत उमराव जमले आहेत. यॉर्कच्या बाजूचे पांढरा गुलाब खुडत आहेत आणि लँकेस्टरच्या बाजूचे तांबडा. ‘सहावा हेन्री’च्या पहिल्या भागातला हा प्रवेश शेक्सपिअरने सर्वस्वी कल्पनेने रचला आहे, इतिहासात असे काही घडलेले नाही. संसदेच्या भिंतीवर, देशाच्या इतिहासातल्या इतर प्रसंगांच्या पंक्तीला बसवलेला हा प्रसंग पाहून किती जणांनी तो खरा मानला असेल? संहिता वाचणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असते की आपण नाटक वाचत आहोत.

वंशावळ

आपण दोघेही मधली पायरी गाळत आहात असे मला वाटते. माझ्या मते परिचयपर साहित्याचा मान पहिला आहे आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: या नाटकांत नावेच मोजकी आहेत. ‘रिचर्ड तिसरा’च्या चौथ्या अंकात मार्गारेट म्हणते की माझा एक एडवर्ड होता, तो एका रिचर्डने मारला, माझा एक हॅरी होता, तोही एका रिचर्डने मारला, मग ती समोरच्या राणीला सांगते की तुझाही एक एडवर्ड होता, तो एका रिचर्डने मारला आणि तुझा एक रिचर्ड होता, तोही एका रिचर्डनेच मारला. नटी कितीही समर्थ असो, ज्या प्रेक्षकाला हे दोन एडवर्ड, एक हॅरी आणि दोन रिचर्ड वेगळे करता येत नाहीत त्याला या चार ओळींत नुसता आक्रोश ऐकू येईल, त्यातला हिशेब ऐकू येणार नाही. आणि तो प्रवेश हिशेबाचाच आहे.

त्यातच एका माणसाची चार नावे असतात. ‘रिचर्ड दुसरा’मधला बोलिंगब्रोक हा आधी हेरफर्डचा ड्यूक आहे, बापाच्या मृत्यूनंतर तो स्वतःला लँकेस्टर म्हणवतो आणि अखेर चौथा हेन्री होतो. हद्दपारीची शिक्षा मोडून तो परत येतो तेव्हा राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणाऱ्या यॉर्कच्या ड्यूककडून आलेला दूत त्याला ‘हेरफर्ड’ म्हणून हाक मारतो, आणि तो बजावतो की मी उत्तर देईन ते लँकेस्टर या नावाला. जप्त झालेल्या वारशावरचा सगळा दावा त्या एका दुरुस्तीत आहे. तिसऱ्या एडवर्डच्या सात मुलांचा तक्ता आधी पाहिलेला असेल तर हा क्षण अंगावर येतो. नसेल तर दोन उमराव किताबावरून हुज्जत घालताहेत एवढेच दिसते.

स्वतः शेक्सपिअरलाही ही अडचण ठाऊक होती. ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात यॉर्क जेवणानंतर आपल्या बागेत सॉल्झबरी आणि वॉरिक यांना ती सात मुले एकामागून एक मोजून दाखवतो. नाटककारालाच जिथे नाटक थांबवून वंशावळ सांगावी लागली, तिथे आपण ती शेवटी का ठेवायची?

रंगवेडा

सिबरचा मुद्दा मान्य आहे आणि महत्त्वाचाही आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. होगार्थचे चित्र एका विशिष्ट काळाचा रिचर्ड दाखवते, आणि ते चित्र कोणत्या प्रयोगावरून काढले हे सांगणारे दोन ओळींचे टिपण सोबत असले की गैरसमज उरत नाही. पेनच्या भित्तिचित्राबद्दल म्हणाल तर इतिहासाशी खेळ चित्रकाराने केलेला नाही, नाटककाराने केलेला आहे. ‘चौथा हेन्री’तला बंडखोर हॉटस्पर हा राजपुत्र हॅलपेक्षा (म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीपेक्षा) वीसहून अधिक वर्षांनी मोठा होता, शेक्सपिअरने दोघांना बरोबरीचे केले. मार्गारेट १४८२ मध्ये फ्रान्समध्ये वारली होती, तरी ती १४८३ नंतरच्या राजवाड्यात शाप देत फिरते. संहिता वाचून कोणी सावध होते हा आपला समज फार उदार आहे. बखरी वाचणाऱ्या आपल्या समाजाला तरी हे सांगायला नको.

वंशावळ यांच्या मुद्द्याला मी ‘पाचवा हेन्री’ने उत्तर देतो. त्या नाटकाच्या आरंभी कँटरबरीचा आर्चबिशप फ्रान्सच्या गादीवरचा हेन्रीचा हक्क सिद्ध करण्यासाठी स्त्रीच्या बाजूने येणारा वारसा नाकारणाऱ्या सॅलिक कायद्यावर साठेक ओळींचे व्याख्यान देतो. कागदावर ते निव्वळ वंशावळीचे ओझे आहे. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४४ च्या चित्रपटात ते विनोदी केले: धर्मगुरूंचे कागद विस्कटतात, जमिनीवर पसरतात आणि प्रेक्षक हसतात. केनेथ ब्रॅनाने १९८९ मध्ये तेच भाषण दबक्या, कारस्थानी गंभीरपणाने ठेवले. ही दोन दृश्ये पाठोपाठ पाहिलेल्या माणसाच्या मनात नेमका प्रश्न उभा राहतो: हे युद्ध न्याय्य आहे की धर्मगुरूंनी आपली मालमत्ता वाचवण्यासाठी राजाच्या गळी उतरवलेले आहे? असा प्रश्न घेऊन संहितेकडे वळलेला वाचक ते व्याख्यान कंटाळा न करता वाचतो. तक्त्याने हे काम होत नाही.

संहितावादी

ऑलिव्हिएचे नाव आपण काढले ते बरे झाले. त्याच चित्रपटातून त्याने काय गाळले ते पाहा. साउथॅम्प्टनला पकडलेले तीन राजद्रोही गाळले. फ्रान्समधल्या हार्फ्लर शहराच्या वेशीवर हेन्री शहरातल्या मुली, म्हातारे आणि तान्ही मुले यांच्याबद्दल ज्या भयंकर धमक्या देतो त्या गाळल्या. कैद्यांना ठार करण्याचा हुकूमही गाळला. दुसरे महायुद्ध चालू होते आणि चित्रपट ब्रिटनच्या कमांडो आणि छत्रीधारी सैनिकांना अर्पण केलेला होता, त्यामुळे असे का झाले हे समजू शकते. पण तो पाहून निघालेल्याच्या डोक्यात जो निष्कलंक राजा बसतो, त्याला तिथून हलवणे पुढे संहितेला जड जाते. ब्रॅनाने उलट केले. संहितेत हेन्रीचा जुना सोबती बार्डॉल्फ याच्या फाशीची फक्त बातमी येते, ब्रॅनाने ती हेन्रीच्या डोळ्यांसमोर पडद्यावर दाखवली. एकाने राजा धुऊन काढला आणि दुसऱ्याने त्याला चिखलात उभे केले. संहितेत हे दोन्ही हेन्री एकाच वेळी आहेत आणि त्यांतला कोणता खरा हे ठरवण्याचे काम वाचकाचे आहे. ते काम आधीच दुसऱ्याने करून टाकावे असा आपला आग्रह का आहे?

शिवाय त्या नाटकाचा सूत्रधार पहिल्याच भाषणात प्रेक्षकांना विनवतो की आम्ही घोड्यांबद्दल बोलू तेव्हा ते तुम्हाला दिसताहेत असे समजा, आमच्या उणिवा तुमच्या कल्पनेने भरून काढा. आधी पडद्यावर खरे घोडे पाहिलेल्या माणसाला या विनवणीचा अर्थ काय उरला?

पिटातला

सूत्रधाराची ही विनवणी वाचकाला नाही, समोर बसलेल्या आणि उभ्या असलेल्या प्रेक्षकाला आहे, एवढेच नोंदवतो. दोन्ही चित्रपट पाहावेत, मग भांडावे.

आणखी एक शंका आहे. संहिता म्हणजे नेमकी कोणती? ‘रिचर्ड दुसरा’ १५९७ मध्ये प्रथम छापले गेले तेव्हा राजाला पदच्युत करण्याचा मुख्य प्रवेश त्यात नव्हता. तो छापात आला १६०८ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या मृत्यूनंतर. फेब्रुवारी १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सच्या साथीदारांनी त्याच्या राणीविरुद्धच्या बंडाच्या आदल्या दिवशी नटमंडळीला नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग जास्त देऊन दुसऱ्या रिचर्डच्या पदच्युतीचे आणि हत्येचे जुने नाटक करवून घेतले, आणि ते हेच असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. छापील पुस्तक त्यांना बाजारात मिळत होते. तरीही त्यांनी पैसे मोजले ते प्रयोगासाठी.

संहितावादी

शंका रास्त आहे. छापील प्रतींतले असे फरक आज टिपांसह वाचता येतात, आणि वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने सर्व नाटकांच्या संहिता विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. कापलेला प्रयोग मात्र काय कापले ते कधी सांगत नाही. ऑलिव्हिएच्या १९५५ च्या ‘रिचर्ड तिसरा’त मार्गारेट नाही आणि इयन मकेलन यांच्या १९९५ च्या चित्रपटातही नाही. वंशावळ यांनी उद्धृत केलेल्या त्या चार ओळींचा हिशेब मांडायला या दोन्ही चित्रपटांत मार्गारेट मुळात उभीच नाही.

रंगवेडा

मग एक चित्र असे सांगतो जे संहितेच्या बाहेर न जाताही वादग्रस्त ठरले. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर जॉन बॉयडेल या प्रकाशकाने १७८९ मध्ये शेक्सपिअरच्या चित्रांचे खास दालन उघडले. त्यासाठी जोशुआ रेनॉल्ड्सने ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागातला कार्डिनल बोफोर्टचा मृत्यू रंगवला. राजाचा काका हम्फ्री याच्या खुनात हात असलेला बोफोर्ट तळमळतो आहे, दात विचकतो आहे, आणि राजा त्याला विनवतो आहे की स्वर्गसुखाची आशा मनात असेल तर हात वर कर. बोफोर्ट हात न उचलताच मरतो. राजाच्या तोंडी त्या आत्म्याला वेढा घालून बसलेल्या सैतानाचा उल्लेख आहे, म्हणून रेनॉल्ड्सने उशाशी खरोखरच सैतान काढला. टीकाकार तुटून पडले: शब्दांतली प्रतिमा रंगवून दाखवायची असते का? पुढे चित्राच्या कोरीव छापातून तो सैतान पुसूनही टाकला गेला. मला वाटते, तो सैतान फक्त राजाच्या श्रद्धाळू मनात आहे की सर्वांच्या डोळ्यांपुढे, हा प्रश्न त्या प्रवेशाबद्दलच्या कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा हे चित्र अधिक नेमकेपणाने विचारते.

वंशावळ

विचारते खरे, पण ज्याला हम्फ्री कोण हे ठाऊक आहे त्यालाच.

संहितावादी

आणि ज्याने राजाची ती ओळ वाचली आहे त्यालाच. ज्याने वाचलेली नाही त्याला उशाशी सैतान असणारच असे वाटेल आणि तो पुढच्या चित्राकडे वळेल. रेनॉल्ड्सचे चित्र मी माझ्या वाचनगटाला अवश्य दाखवीन, मात्र तिसऱ्या अंकाचा तो शेवटचा प्रवेश मोठ्याने वाचून झाल्यावरच.