दहशतीमागचा ‘एकच हात’: पुरावा की पुराण?

खडूफळा

परवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेहुण्यांनी हातभर लांब फॉरवर्ड टाकलं. टेम्पलर सरदारांपासून (क्रुसेडच्या काळातले ख्रिस्ती धर्मयोद्धे) फ्रीमेसन (बंद दाराआड विधी करणारं बंधुमंडळ), त्यांच्यापासून इल्युमिनाटी, मग फ्रान्समधली कत्तल, साराजेव्होचा गोळीबार आणि शेवटी आजकालचे सगळे बॉम्बस्फोट. सगळ्यामागे म्हणे एकच हात. खाली आत्याबाईंचे नमस्काराचे इमोजी. बत्तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे मला गप्प बसता येत नाही. तिथे वादावादी झाली, उरलेली इथे काढतो.

ही साखळी पहिल्यांदा कोणी ओवली ते बघा. ऑगस्तँ बारुएल नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री, फ्रेंच राज्यक्रांतीमुळे देशोधडीला लागून इंग्लंडात आलेला. १७९७ साली त्याने जाडजूड ग्रंथ छापायला घेतला: क्रांती भुकेमुळे झाली नाही, ती मेसन आणि इल्युमिनाटींनी घडवली, आणि त्यांचं मूळ थेट टेम्पलरांत. त्याच वर्षी एडिंबरोचे प्राध्यापक जॉन रॉबिसन यांनीही तशाच अर्थाचं पुस्तक काढलं. बाजारात दोन्ही तडाखेबंद खपली.

आता इल्युमिनाटी म्हणजे काय? बव्हेरियातल्या इंगोलश्टाट विद्यापीठात अॅडम वाइसहाउप्ट नावाचा कायद्याचा प्राध्यापक होता. १ मे १७७६ रोजी त्याने मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन हे मंडळ काढलं. १७८४-८५ मध्ये तिथल्या राज्यकर्त्याने बंदी घातली, छापे पडले, जप्त कागद सरकारनेच छापून वाटले. पॅरिसमधला बास्तीयचा तुरुंग पडून क्रांती सुरू व्हायच्या चार वर्षं आधीच दुकान बंद झालेलं! आणि फ्रान्समधल्या मेसनांचा ग्रँड मास्टर होता ऑर्लेआँचा ड्यूक. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याचंच मुंडकं गिलोटिनखाली गेलं. कट इतका पक्का होता तर म्होरक्याच कसा कापला गेला?

गंमत म्हणजे ‘टेररिझम’ हा शब्दच त्या १७९३-९४ च्या राजवटीवरून आला. तेव्हा दहशत घालणारं होतं ते सरकार, उघडउघड, समित्या नेमून आणि फर्मानं काढून. गुप्त काही नव्हतंच.

माझं म्हणणं एवढंच, की गुप्त मंडळाची कथा ही ज्यांच्या हातून सत्ता गेली किंवा जायला आली त्यांची सोय असते. पावाचा भाव आणि तिजोरीतला खडखडाट यांवर बोलावं लागत नाही.

---

शंकासुर

सर, तुम्ही फुलटॉस बॉल निवडून षटकार मारलात. इल्युमिनाटीवर हसणं सोपं आहे.

ब्लॅक हँडचं काय? १९११ साली बेलग्रेडमध्ये स्थापन झालेली संघटना, खरं नाव ‘ऐक्य किंवा मृत्यू’. कवटी, खंजीर, अंधाऱ्या खोलीत शपथ, सगळं साग्रसंगीत. सूत्रधार कर्नल ‘आपिस’ दिमित्रिएविच हा सर्बियाच्या लष्करी हेरखात्याचा प्रमुख. साराजेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारताना प्रिन्सिपने वापरलेलं पिस्तूल याच लोकांकडून आलं. गुप्त मंडळ, दहशतवादी कृत्य, सरकारी माणूस, तिन्ही एका जागी. हे पुराण नाही.

---

खडूफळा

ब्लॅक हँड होतीच, नाकारतो कुठे! पण पुढे काय झालं ते बघा. साराजेव्होच्या खटल्यात ऑक्टोबर १९१४ मध्ये आरोपींना विचारलं गेलं, तुमच्यापैकी फ्रीमेसन कोण? खराखुरा कट पुढ्यात असताना तो लोकांना पुरेना, त्याच्याही मागे आणखी एक हवा होता. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीच्या जनरल लुडेनडॉर्फने तर १९२७ मध्ये मेसनांविरुद्ध पुस्तकच काढलं. हरलेल्या सेनापतीला याहून सोयीचं काय? आणि आपिसला १९१७ मध्ये गोळ्या घातल्या त्या सर्बियाच्याच लष्करी न्यायालयाच्या हुकमाने. जगावर राज्य करणारं मंडळ जेमतेम सहा वर्षं टिकलं.

---

रात्रपाळी

आमच्या सोसायटीचं कार्यकारी मंडळ तीन वर्षं पाण्याच्या टाकीचा निर्णय घेऊ शकलेलं नाही. आणि हे लोक म्हणे सातशे वर्षं एकमताने जग चालवतायत. (ह.घ्या.)

---

परदेशी पाहुणी

हलकं घेता येत नाहीये, माफ करा. मी अकरा वर्षं इटलीतल्या बोलोन्यात राहते. इथल्या रेल्वे स्टेशनच्या भिंतीवरचं एक घड्याळ १०:२५ वरच थांबवून ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० ला सकाळी त्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी. सुट्टीचा शनिवार होता, लोक मुलाबाळांसह समुद्रावर निघालेले. दरवर्षी त्या दिवशी शिट्टी होते आणि सगळा चौक गप्प उभा राहतो.

बॉम्ब ठेवल्याबद्दल अतिउजव्या गटातले तरुण दोषी ठरले. पण मला लिहायचंय ते त्यापुढचं. जानेवारी १९८१ मध्ये तारांतो-मिलान गाडीत स्फोटकांनी भरलेली एक सूटकेस सापडली, संशय परदेशी लोकांकडे जाईल अशा बेताने सजवलेली. ती कोणी ठेवली? इटलीच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्याच दोघा अधिकाऱ्यांनी. तपास भरकटवण्यासाठी. १९९५ च्या अंतिम निकालात त्या दोघांबरोबर लिचो जेल्लीही दोषी ठरला.

जेल्ली हा ‘प्रोपागांदा दुए’, म्हणजे पी-टू, या मेसन लॉजचा, म्हणजे शाखेचा, प्रमुख. १७ मार्च १९८१ ला सिंदोना नावाच्या बँकरच्या घोटाळ्याचा माग काढणाऱ्या मिलानच्या दोन तपासी न्यायाधीशांनी आरेत्सोजवळच्या जेल्लीच्या कचेरीवर छापा घालायला लावला. तिथे ९६२ नावांची यादी मिळाली. मंत्री, खासदार, सेनापती, हेरखात्यांचे प्रमुख, संपादक, आणि तेव्हा फक्त उद्योजक असलेले बेर्लुस्कोनी (पुढचे पंतप्रधान). यादी बाहेर आली तसं पंतप्रधान फोर्लानींचं सरकार पडलं. पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून हे लॉज बरखास्त केलं.

तर सर, इथे ‘गुप्त मंडळाचा स्फोटाशी संबंध’ असं म्हटलं की लोक हसत नाहीत.

---

शंकासुर

घ्या. मी हेच लिहायला बसलो होतो, पण ताईंनी घड्याळ दाखवल्यावर माझ्याकडे काही उरलं नाही. एवढंच जोडतो: २०२२ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने आणखी एका माणसाला जन्मठेप दिली, आणि त्या खटल्यात स्फोटासाठी पैसा पुरवणाऱ्यांत जेल्लीचं नाव घेतलं गेलं. तो २०१५ मध्येच मरून मोकळा झालेला. १९८० साली कोणी हे बोललं असतं तर खडूफळा सरांनी त्याला मेहुण्यांच्या रांगेत बसवलं असतं.

---

खडूफळा

लागलं. कबूल करतो की धाग्यातलं ‘सोय असते’ हे वाक्य पी-टूला लागू पडत नाही. तिथे उलट आहे: सत्तेत बसलेल्यांचीच सोय गुप्त मंडळ बघत होतं, आणि ‘परदेशी अतिरेक्यांचा कट’ ही खोटी कथा मंडळाने स्वतः रचली. याचा मी विचार केला नव्हता.

तरीही दोन गोष्टी. एक, जेल्ली हा जुना फॅसिस्ट, स्पेनमध्ये फ्रँकोच्या बाजूने लढायला गेलेला. आणि मेसनांच्या मागे हात धुऊन लागला होता कोण, तर मुसोलिनीच. म्हणजे इथे कुठलीही शतकांची साखळी नाही. एका धूर्त माणसाला ओळखी वाढवायला एक जुना, बंद दाराचा क्लब आयता मिळाला. इटलीच्या मुख्य मेसन संस्थेने तर ते लॉज १९७६ मध्येच स्थगित केलं होतं. दोन, हे उघडकीला आणलं ते बँक घोटाळ्याच्या कागदांचा कंटाळवाणा पाठलाग करणाऱ्या दोघांनी. त्यांना यादी मिळाली, ‘एकच हात’ नाही.

---

परदेशी पाहुणी

दुसऱ्या मुद्द्याशी सहमत. पहिल्याशी निम्मी. ‘फक्त ओळखी वाढवायचा क्लब’ म्हणालात तर इथल्या मृतांच्या नातेवाइकांना राग येईल. हेरखात्याचे प्रमुख त्या यादीत होते, आणि त्याच खात्याच्या माणसांनी सूटकेस ठेवली.

---

गोदाकाठ

धागा युरोपातच फिरतोय म्हणून नाशिककडे ओढतो. साखळी हवी ना? ही घ्या, आणि हिची प्रत्येक कडी खरी. इटलीत कार्बोनारी नावाची गुप्त संघटना. मॅझिनी तिच्यात होता, तिथून बाहेर पडून त्याने १८३१ मध्ये ‘यंग इटली’ काढली. त्या मॅझिनीवर लुब्ध झालेले सावरकर. नाशकातला ‘मित्रमेळा’ आणि १९०४ पासून त्याचं ‘अभिनव भारत’. पॅरिसमध्ये बापट (पुढचे सेनापती) एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची कृती शिकून आले. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आली. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या अशाच एका पिस्तुलातून. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी.

आमचं आजोळ तिळभांडेश्वर लेनच्या जवळ, ही नावं मी शाळेच्या पुस्तकाआधी आजीकडून ऐकलीत. म्हणून सांगतो: गुप्त मंडळं काही कल्पनेतली नसतात. फक्त ‘दहशतवाद’ हा शब्द इथे चिकटवू नका.

---

शंकासुर

चिकटवला तो ब्रिटिशांनी, मी नाही. पण शब्दावर लढत बसलो तर धागा शंभरी गाठेल. प्रिन्सिपही सर्बियात हुतात्माच आहे. आपला तो बाब्या.

---

गोदाकाठ

परक्याचं राज्य उलथवणं आणि प्रतीक्षालयात झोपलेली पोरं मारणं यांत फरक दिसत नसेल तर बोलणं खुंटलं.

---

शंकासुर

फरक आहेच, नाही कुठे म्हटलं? पण तुमच्या साखळीतून मेहुण्यांचं फॉरवर्ड एका रात्रीत तयार होईल: ‘कार्बोनारी ते नाशिक: एकच हात’. सगळ्या कड्या खऱ्या, आणि निष्कर्ष खोटा. कारण मॅझिनी वाचणं म्हणजे इटलीहून हुकूम येणं नव्हे.

---

खडूफळा

हे वाक्य माझं असायला हवं होतं.

---

वकीलबुवा

इथे सगळे खरं-खोटं तपासताहेत, माझा मुद्दा परिणामांचा आहे. ‘गुप्त मंडळ’ म्हटलं की सरकारला पुरावा लागेनासा होतो.

२२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता, रँडचा खून. साहेबांच्या डोक्यात लगेच पुण्याच्या ब्राह्मणांचा मोठा कट. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली उचललं आणि खटला न चालवता महिनोन् महिने स्थानबद्ध ठेवलं. टिळकांवर राजद्रोह, अठरा महिने. प्रत्यक्षात निघाले कोण? तीन चापेकर भाऊ आणि आखाड्यातली चार पोरं. तरी १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाची सुरुवात याच मुंबई प्रांताने होते, आणि इथले कट बहुतांशी चित्पावनांचे, असा जातीचा शिक्का त्यात मारलेला आहे. त्या अहवालातून १९१९ चा रौलट कायदा आला. त्याच्या निषेधातून एप्रिलमध्ये अमृतसरला काय झालं ते सांगायला नको.

त्याच्याही आधी ठग. इंग्रज अधिकारी स्लीमनने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून देशभर पसरलेल्या, कालीच्या नावाने खून करणाऱ्या पंथाचं चित्र उभं केलं. वाटेवर लुटून गळा आवळणाऱ्या टोळ्या होत्या, यात शंका नाही. पण गळ्याभोवतीचा फास वाचवायला बोलणारा साक्षीदार साहेबाला हवं ते बोलतो, हे कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारा. १८३६ चा कायदा काय म्हणतो? ठगांच्या टोळीत ‘असणं’ शाबीत झालं तरी जन्मठेप. कृत्य शाबीत व्हायची गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत तेच डोकं चाललं, मग माणूस जन्मतःच टोळीत. आपल्याकडच्या पारध्यांना विचारा, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेल्यानंतर तरी तो शिक्का पुसला का.

---

माझगाव_डाऊन

वकीलबुवांना एक उलटं उदाहरण, अवांतर म्हणून. इराणमधल्या आलमूतच्या किल्ल्यातले ‘हशिशी’ मारेकरी, नशा देऊन स्वर्गाची बाग दाखवायचे वगैरे कहाणी सगळ्यांनी ऐकली असेल. नशा आणि बाग या शत्रूंनी आणि प्रवाशांनी तिखटमीठ लावलेल्या गोष्टी. पण ते मारेकरी ज्या शिया पंथाचे, त्या निझारी इस्मायलींचे इमाम आगाखान मुंबईला आले, आणि १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात खोजा जमातीच्या मालमत्तेचा दावा चालला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आलमूतच्या त्याच घराण्यापर्यंत वंशावळ नेऊन निकाल आगाखानांच्या बाजूने दिला. शतकानुशतकांची बदनामी कोर्टात वारसा हक्काच्या कामी आली! माझगावला हसनाबादेत त्यांची कबर आहे. शांत जागा, जाऊन या.

---

शंकासुर

वकीलबुवा, सगळं मान्य. पण उलट बाजूही बघा. ‘कटाच्या गोष्टी म्हणजे सरकारी पुराण’ असं सगळ्यांनी धरलं, तर त्याचा फायदा जेल्लीसारख्यालाच. बोलोन्याच्या नातेवाइकांच्या संघटनेला हे वर्षानुवर्षं ऐकावं लागलं असणार.

---

परदेशी पाहुणी

लागलं. म्हणूनच ते दर सुनावणीला जाऊन बसतात.

---

वकीलबुवा

त्यावर माझा वाद नाही. खटला चालवा म्हणतो, स्थानबद्धता नको म्हणतो.

---

रात्रपाळी

सर, मेहुण्यांचं काय झालं शेवटी?

---

खडूफळा

प्रामाणिकपणा नडला. कालच्या चर्चेनंतर वाटलं, आपलंही सगळं बरोबर नव्हतं, तेव्हा त्यांना पी-टूची हकीकत नीट लिहून पाठवली. ९६२ नावं, सूटकेस, निकाल, सगळं. शेवटी हेही लिहिलं, की याचा टेम्पलरांशी काडीचा संबंध नाही.

पाच मिनिटांत उत्तर: ‘बघा! मी म्हणत नव्हतो?’ शेवटचं वाक्य कापून त्यांनी ते तीन ग्रुपांवर पुढे पाठवलंय. वर लिहिलंय, ‘इतिहासाच्या शिक्षकांनीही मान्य केले.’

---

शंकासुर

मला त्या ग्रुपवर घ्या, प्लीज.