मदत हवी आहे: जुन्या कॅम्परला मागे स्टेपनी

मंडळी, गाडी फोक्सवॅगन टी३ कॅम्पर (आत झोपायची-राहायची सोय असलेली व्हॅन), मुक्काम मालवण. हिची स्टेपनी पुढे नाकाखालच्या ट्रेमध्ये असते. खाऱ्या हवेने ट्रेचा बोल्ट असा धरलाय की पाना फिरता फिरत नाही. म्हणून मागे स्टेपनीचा कॅरियर बसवायचाय.

मागच्या दारावर नको वाटतं. दार वर उघडतं, चाकाचं वजन गॅसचे दांडे किती दिवस पेलणार? त्यात इंजिन मागेच, ऑइल मोजायची कांडीही नंबर प्लेटच्या झडपेमागे, तिथे हात पोचायलाच हवा. म्हणजे बाजूला फिरणारा, बिजागरीचा आर्मच हवा.

आर्म ज्यावर फिरणार तो खुंटा नुसत्या बंपरवर धरेल, की चासीपर्यंत ब्रॅकेट न्यावं लागेल? पाडलेल्या भोकांच्या कडा गंजू नयेत म्हणून झिंक प्रायमर पुरेल का? कुडाळ-सावंतवाडीकडे असं काम केलेला फॅब्रिकेटर माहीत असेल तर जरूर सांगा. फोटो असल्यास उत्तमच.