सरकारी दवाखाने बंद करा म्हणे!

रानवारा: "कोविडमध्ये सरकारी दवाखान्यांनी हात वर केले, खासगीने तारलं, सरकारी बंद करा आणि सगळ्यांना विमा द्या." परवाच्या या पोस्टखाली वाहवा बघून डोकं सणकलं, म्हणून लिहितेय. एप्रिल २०२१ ला मी जिल्हा रुग्णालयात नर्स होते. हाय फ्लो मशीन मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन ओढतं. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर. करा भागाकार, दोन तासही निघत नाहीत. वॉर्डबॉय मामा पाना घेऊन सिलिंडर बदलायचे आणि आम्ही काट्याकडे बघत उभ्या. त्यात रात्री दोनला खासगीतून रेफर चिठ्ठी घेऊन पेशंट यायचे. पैसे संपले की आमची आठवण. व्हेंटिलेटर आले, ते चालवणारी माणसं कुठे होती? आणि विम्याचं म्हणाल तर २०२० मध्ये राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांना लागू केलीच होती. कार्डावर झोपवणार का पेशंटला?

खटपट्या: ताई, तुमच्या कष्टांना नमस्कार. पण माझ्या वडिलांना सरकारी दवाखान्याच्या दारात तीन तास रिक्षात बसवून ठेवलं. केसपेपरही काढला नाही. वाचले ते खासगीत, विम्यावर. आणि भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात जानेवारी २०२१ ला १० बाळं आगीत गेली, त्याचं काय?

रानवारा: भंडाऱ्यावर माझ्याकडे उत्तर नाही. विरारला तीनच महिन्यांनी आयसीयू जळालं, ते मात्र खासगी होतं. २०१७ च्या आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं. तो राग तिकडे काढा.

उंबरठा: ऑक्सिजन झाला, विमा झाला. रेमडेसिवीर इंजेक्शनचं कोण बोलणार? आईसाठी भाऊ दोन रात्री रांगेत होता. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच वापरू नका म्हणून सांगितलं होतं. तरी चिठ्ठी हातात: सहा आणा, नाहीतर आमची जबाबदारी नाही.

बाह्यरुग्ण: मी डॉक्टर आहे, मीही लिहिलं. आपल्याकडच्या प्रोटोकॉलमध्ये होतं ते. नाही लिहिलं की नातेवाईक कॉलर धरायचे, शेजारच्या खाटेला दिलं, आम्हाला का नाही?

उंबरठा: म्हणजे घाबरून लिहिलंत.

बाह्यरुग्ण: हो, घाबरून. झालं समाधान? तुम्ही छत्तीस तास पीपीई किटमध्ये काढा, मग शिकवा.

खटपट्या: विषय भलतीकडे चाललाय.

उंबरठा: तुमचे वडील वाचले ना, मग गप्प बसा!

रानवारा: उंबरठा, हे जरा जास्त होतंय. आणि डॉक्टर, छत्तीस तास किटमध्ये? सहा तासांत आमचे मोजे पिळून निघायचे. उगाच वाढवून सांगू नका.

बाह्यरुग्ण: ड्युटी छत्तीस तासांची, किट अधूनमधून. केली दुरुस्ती, सिस्टर.

खटपट्या: एक लिहायचं राहिलं. विमा असूनही वडिलांना खाट मिळाली ती चुलत्यांच्या ओळखीवर. घ्या, मिळाला मुद्दा तुम्हाला. पण ते तीन तास मी सोडणार नाही.

उंबरठा: सहापैकी चारच दिली. दोन बाटल्या परत हातात ठेवल्या, आईच्या चपलांबरोबर. अजून कपाटात आहेत. डॉक्टर, पाठवू का?