भावकी ग्रुप: माळावरचे पंखे

बापू: माळाच्या सामाईक गटात लाल खुंटी कुणी मारू दिली? सकाळी वैरणीला गेलो तर बांधापासनं चार हातावर खुंटी अन् भोवतीनं फक्की टाकलेली. उताऱ्यावर आमचं पण नाव हाय. सही कुणी केली एवढंच सांगा.

दिलीप अण्णा: सही न्हाई बापू, पवनचक्कीवाल्या कंपनीचा नुसता सर्वे आहे. एजंट पंचायतीत सांगून गेला तवा तुम्ही मिरजेला लग्नात होता.

सुनंदा काकू: शुभ सकाळ सगळ्यांना. श्री स्वामी समर्थ.

महेश (पुणे): किती पंखे अण्णा?

दिलीप अण्णा: १२, एकेक ३ मेगावॅटचा. ज्याच्या रानात पंखा त्याला दरवर्षी भाडं, गावाला देवळाचा सभामंडप आणि एक हायमास्ट दिवा. एवढं कोण देतंय आजकाल.

बापू: सही कुणी केली.

संतोष: वारं पण वाटून घ्या की. थोरल्या घराला पश्चिमेचं, आम्हाला नेहमीसारखं उरलेलं 😄

दिलीप अण्णा: नेहमीसारखं म्हंजे? विहिरीच्या मोटारीचं वायंडिंग दरवेळी कोण करून आणतंय ते पण लिही ग्रुपवर.

संतोष: आणि पाणी पहिल्यांदा कुणाच्या उसाला जातंय ते पण लिहू काय

सुनंदा काकू: अरे पोरांनो इथं नको, सुनाबाळा वाचतात.

आक्काताई (जत): आमच्याकडं जत, ढालगावला कधीपासनं फिरतायत पंखे. टॉवरवाल्याचं बरं झालं, शेजाऱ्याला काय, पात्याची लांबडी गाडी वळायला बांध फोडले ते कुणी परत घातले न्हाईत. रस्त्याचं, बांधाचं, बोअरचं आधी लिहून घ्या, क्रेन आल्यावर तुम्हाला कोण विचारत न्हाई.

वैशाली (ग्लासगो): अण्णा राग मानू नका पण सभामंडप एकदाच होतो, पंखे २५-३० वर्षं फिरणार. इकडं स्कॉटलंडमध्ये मेगावॅटमागे वर्षाला ५,००० पाऊंड कंपनीनं गावाच्या फंडात द्यावेत असं सरकारनं सांगितलंय, आकडा महागाईप्रमाणे वाढतो आणि खर्च कशावर करायचा ते गावातलेच लोक ठरवतात. कायद्याची सक्ती नाही, तरी बरेच जण देतात. ग्लासगोजवळ व्हाईटलीला २१५ पंखे आहेत, तिथं लोक सायकली घेऊन फिरायला जातात. या हिशोबानं आपल्या ३६ मेगावॅटला वर्षाला १ लाख ८० हजार पाऊंड होतील.

संतोष: वैशालीआक्का तुमच्या गावची पंचायत इकडं बदली करून पाठवा

दिलीप अण्णा: ते गोऱ्यांचं झालं. इथं जास्त मागितलं की कंपनी शेजारच्या गावात जाते. सीएसआरमधनं, म्हंजे कंपनीच्या समाजकामाच्या पैशातनं, मिळेल म्हणालाय एजंट.

महेश (पुणे): सीएसआर म्हणजे मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के, २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. पण प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी कंपनी काढतात, सुरवातीची वर्षं कर्ज फेडण्यात जातात, नफाच नाही दाखवला तर २ टक्के कशाचे? म्हणून नफ्यावर नको, मेगावॅटवर मागा. आणि बिनटॉवरवाल्यांना पण त्यातलं मिळायला पाहिजे नाहीतर अख्ख्या गावात भांडणं.

संतोष: अख्ख्या गावाचं राहू दे, हा ग्रुप तरी टिकू दे

बापू: महेश तुझं बरोबर पण माझ्या प्रश्नाला उत्तर न्हाई. सामाईक उताऱ्यावर सही कुणी केली. एजंट चहाला कुणाच्या घरी बसला होता ते गावानं बघितलंय.

दिलीप अण्णा: माझ्याकडंच बसला होता, चहा पाजणं गुन्हा आहे का? टोकन म्हणून २१ हजार दिलेत, तसेच कपाटात आहेत, हात लावलेला न्हाई.

संतोष: 😳

सुनंदा काकू: हे मला पण माहीत नव्हतं हो.

महेश (पुणे): अण्णा पैसे परत करा. वर्षाच्या वरची लीज रजिस्टर करावी लागते, नोटरीचा कागद चालत नाही. आणि ड्राफ्ट कन्नडमध्ये आहे म्हणे, तो मराठीत करून घेतल्याशिवाय कुणी अंगठा लावू नका.

दिलीप अण्णा: शिकवू नको मला. रविवारी ११ ला या सगळे, कागद समोर ठेवतो. बापू तुम्ही पण.

बापू: येतो. टोकनची पावती पण आणा. खुंटी तवर मी काढून ठेवलेली हाय.